दुपारी बंद होणारी वाट

आजवर माझ्या हातून जेवढे अर्ज लिहिले गेले, त्यांतल्या सर्वांत प्रभावी अर्जाने हिमालयातली एक वाट बंद पाडली. हे मी खेदाने सांगत नाही. शब्दाचे सामर्थ्य किती दूर पोहोचते याचा इतका ढळढळीत पुरावा माझ्या व्यवसायातल्या फार थोड्या लोकांना मिळाला असेल. मात्र ती वाट पुन्हा खुली व्हावी म्हणून मला माझ्या स्वतःच्या दोन पायांनी, बावन्नाव्या वर्षी आणि एवढे पोट घेऊन, तिच्यावर चालावे लागले. आणि ते चालणे आठवले की आजही टेबलापाशी बसल्या बसल्या माझे पाय हलू लागतात.

दिल्लीत एका सरकारी कचेरीच्या कुंपणालगत कडुनिंबाखाली माझे घडीचे टेबल आहे. नववीनंतर माझी शाळा सुटली आणि यवतमाळकडच्या खेड्यातून मी मामांबरोबर इकडे आलो. पण हिंदी, मराठी आणि गरजेपुरती इंग्रजी या तिन्ही भाषांत मी अर्ज लिहितो, आणि पदवीधर मंडळी माझ्यापुढे स्टुलावर बसून आपली गाऱ्हाणी सांगतात. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात गावाकडून कामे घेऊन येणारे लोकही चौकशी करत करत माझ्यापर्यंत पोहोचतात. इथे सगळे मला मुन्शीजी म्हणतात. अर्जाची माझी एक ठरलेली बांधणी आहे: आरंभी अर्जदाराची दैना, मध्ये जीविताला असलेला धोका आणि शेवटी विनंती. धोका जितका ठसठशीत, तितका कागद वरच्या टेबलाकडे लवकर सरकतो. हे तंत्र मला कुणी शिकवले नाही. मी ते अनुभवाने मिळवले आहे.

माझा मेहुणा, म्हणजे माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ, नोएडात एका कंपनीत संगणकाचे काम करतो. तो दर उन्हाळ्यात पाठीवर पिशवी टाकून हिमाचलातल्या एका उंच खोऱ्यात जातो. मोटारीचा रस्ता संपल्यावर दिवसभर चालून गेले की त्या खोऱ्यातले शेवटचे गाव लागते. तिथे एका साठीच्या विधवा बाईच्या घरी तो मुक्काम करतो. तिला सगळे अम्मा म्हणतात. गावाच्या वर एक ओढा आहे, आणि ओढ्यापलीकडची वाट उंच कुरणांतून एका खिंडीकडे जाते. ती खिंड पाहायला येणारे वाटसरू अम्माकडे उतरतात, आणि त्यांच्यावरच तिचे घर चालते. एका हिवाळ्यात हिमकडा कोसळला आणि ओढ्यावरचा लाकडी पूल वाहून गेला. तेव्हा मेहुणा अम्माला म्हणाला, "दिल्लीत माझे भाऊजी आहेत. त्यांनी अर्ज लिहिला की साहेब लोक खुर्चीतून उठतात."

लोखंडी पुलासाठीचा तो अर्ज मी एका बैठकीत लिहिला. तोवर मी पाहिलेला सर्वांत उंच डोंगर म्हणजे आमच्या घरामागची रिजची टेकडी, जिथे हिंदूराव रुग्णालय आहे. तरीही शब्द असे धावून आले की काय सांगू! 'सदर वाट ही वाट नसून मृत्यूचा जबडा आहे. परमुलखातील जो इसम तिच्यावर पाऊल ठेवतो, त्याच्या परतीची शाश्वती खुद्द त्याची जन्मदात्रीही देऊ शकत नाही.' मूळ हिंदी याहूनही सरस होते. मेहुण्याने फोनवर वाचून दाखवले, तेव्हा अम्मा रडली म्हणे.

त्या अर्जाने खरोखरच साहेब लोक खुर्चीतून उठले. हुकूम निघाला: पुढील चौकशी होईपर्यंत बाहेरच्या माणसांना ओढ्यापलीकडची वाट बंद. पुलाविषयी एक शब्द नाही.

मेहुणा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. मी एका मावशींचा पाण्याच्या बिलाविषयीचा अर्ज लिहीत होतो.

"भाऊजी, जबडा मिटला," तो म्हणाला.

"काय बोलतोस?"

"वाट बंद केली त्यांनी. मोसम तोंडावर आलाय. अम्मानं दोन नव्या खोल्या बांधल्यात, त्यात कुत्रं फिरकणार नाही. दोनच तर महिने मिळतात तिला वर्षातून."

"हुकुमात माझ्या अर्जाचा उल्लेख आहे?"

"भाऊजी, तुमचं वाक्यच टाकलंय हुकुमात."

खोटे कशाला सांगू, क्षणभर माझी छाती फुगली. मग मेहुण्याने फोन माझ्या कानाला लावला आणि पलीकडून अम्माचा खणखणीत आवाज आला, "तुम्हीच का ते मुन्शीजी? साब येणार आहे वाट तपासायला. त्याच्याआधी तुम्ही या. स्वतः चाला, आणि मग सांगा त्याला हा जबडा आहे की काय आहे ते. साबनं बंदच ठेवली तर यंदाचं वर्ष गेलं माझं."

घरी पत्नीने माझ्याकडे नखशिखांत पाहिले. "मेट्रोचा सरकता जिना बंद असला तर वरच्या मजल्यावरच्या फाटकाकडे न जाता रिक्षा करणारे तुम्ही!"

"त्या वाटेचा प्रश्न माझ्या नावाशी जोडला गेला आहे," मी म्हणालो.

"मग नावालाच पाठवा ना," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिनेच लोकरी मोजे आणून दिले. त्यानंतर मी रोज पहाटे मेहुण्याच्या जुन्या बुटांत पाय घालून हिंदूरावचा चढ चढू लागलो. तिथली माकडे मला ओळखू लागली.

बसने आणि मग टॅक्सीने आम्ही रस्ता जिथे संपतो तिथे पोहोचलो, आणि पुढे पायवाट सुरू झाली. पहिल्या वळणावर मी मेहुण्याला वाटेविषयीचे माझे विचार सांगायला आरंभ केला. दुसऱ्या वळणावर माझ्या लक्षात आले की वाक्य पुरे करण्याइतकी हवा या मुलखात नाही. तिथे छातीत जेवढा श्वास येतो तेवढाच बोलण्यात घालवायचा की चालण्यात, हे प्रत्येक पावलाला ठरवावे लागते.

"सुंदर..." मी म्हणालो. चार पावले गेली. "...आहे."

"भाऊजी, तीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही एवढं छोटं वाक्य बोललात," मेहुणा म्हणाला.

पण काय तो मुलूख! झाडे मागे पडली, आणि डोंगर आपले अंग उघडे टाकून उभे राहिले: कुठे विटकरी, कुठे राखाडी, कुठे ओल्या गुळासारखे. आकाश इतके गडद निळे होते की दिल्लीत तसा रंग फक्त नव्या शाईच्या दौतीत दिसतो. खाली दरीत नदी एखाद्या दोऱ्यासारखी पडली होती आणि तिचा आवाज मात्र कानाशी येत होता. एका अरुंद जागी वाट कड्याच्या पोटातून जात होती. मी दोन्ही हात खडकाला लावून, पोट आत ओढून चाललो आणि पलीकडे पोहोचल्यावर चक्क ओरडलो. आनंदाने ओरडलो! समोरच्या डोंगराने माझा आवाज परत केला. इतक्या तत्परतेने उत्तर देणारे कार्यालय मी आयुष्यात पाहिले नव्हते.

संध्याकाळी गाव आले. मातीच्या सपाट छपरांची थोडी घरे, छपरांवर रचलेले सरपण, हिरव्या वाटाण्यांची चिमुकली शेते. अम्मा दारात उभी होती. तिने मला वरून खाली पाहिले, मग मेहुण्याकडे पाहिले.

"हाच?" तिने विचारले. "मला वाटलं होतं, उंच असेल."

मग तिने माझ्या हातात लोणी घातलेला खारट चहा दिला. नव्या दोन्ही खोल्या तिने उघडून दाखवल्या. खाटांवर जाड रजया घड्या करून ठेवल्या होत्या आणि लाकडाचा नवा वास अजून तसाच होता. "इथं कुणी झोपलं नाही अजून," ती म्हणाली. "आज तुम्ही झोपा. मेलात तर साबला सांगेन, वाटेनं नाही, रजईनं मारलं."

हवा अंगवळणी पडावी म्हणून आम्ही एक दिवस गावातच काढला. त्याच संध्याकाळी तपासणीसाठीचे साहेब खेचरावर बसून आले. तरुण होते, मैदानी मुलखातले, आणि डोंगरातली त्यांची ही पहिलीच नेमणूक होती. माझा अर्ज त्यांच्याजवळ होता आणि त्यातल्या वाक्यांखाली लाल रेघा ओढलेल्या होत्या.

"हे आपण लिहिलंत?" त्यांनी आदराने विचारले. "मुन्शीजी, काय भाषा आहे! वाचल्यापासून मला नीट झोप नाही. मी तर घरी सांगून आलोय, ओढ्याच्या पलीकडे पाऊल टाकणार नाही म्हणून."

एवढी मनापासून दाद मला आजवर कुणी दिली नव्हती, आणि ती इतक्या अडचणीच्या वेळी मिळाली! मी त्यांना समजावले की अर्जातली भाषा ही अर्जातली भाषा असते, तिच्यात थोडी वाढ धरावी लागते. ते म्हणाले, "म्हणजे धोका नाही?" मी म्हणालो, "तसं नाही." ते म्हणाले, "म्हणजे आहे?" अम्मा चुलीपाशी भाकरी थापत होती, तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी चहाच्या पेल्यात तोंड घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे ओढ्यावर गेलो. गावापासून तासाभराच्या चढावर तो होता. दोन्ही काठांवर जुन्या पुलाचे दगडी खांब उभे होते, मध्ये काही नाही. पण पाणी! नितळ, खळखळते, दगडांमधून वाट काढणारे, आणि जेमतेम घोट्यावर येणारे पाणी! अम्माने चपला हातात घेतल्या आणि ती सरळ चालत पलीकडे गेली. मीही बूट काढून गळ्यात अडकवले आणि पाण्यात पाय घातला. गारठा असा की पाय आपले राहिलेच नाहीत; हाडांपर्यंत कळ गेली आणि तोंडातून आमच्या गावाकडचे दोन-चार शब्द बाहेर पडले. मेहुणा काठावर खो खो हसत होता. पण मी पोहोचलो!

"साहेब, बघा!" मी पलीकडून ओरडलो. "मी पोहोचू शकतो तर कुणीही पोहोचेल!"

साहेबांचा चेहरा उजळला, आणि लगेच त्यांच्या कपाळावर आठी उमटली. "मुन्शीजी, पाणी तर घोट्याएवढं आहे. मग पूल कशाला हवा?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. धोका आहे म्हणावे तर वाट बंद राहणार आणि नाही म्हणावे तर पुलाची मागणीच उडणार. अम्माला वाट याच मोसमात हवी होती, आणि पूल नेहमीसाठी हवा होता. त्या दोन्ही गोष्टी एका कागदात कशा बसवायच्या? मी ओरडून सांगितले, "परत आल्यावर खुलासा करतो!" आणि मेहुण्याला म्हणालो, "साहेबांना सोडू नकोस."

"पराठे आहेत माझ्याकडे," मेहुणा म्हणाला. "ते कुठं जातायत?"

पूर्ण वाट पाहिल्याखेरीज खुलासा करणे मला प्रशस्त वाटेना, असे मी अम्माला सांगितले. खरे तर मला खिंड पाहायची होती. समोर ती दिसत होती: दोन काळ्या सुळक्यांच्या मध्ये आकाशाचा एक तुकडा, आणि त्यात काहीतरी रंगीत फडफडत होते. अम्मा मेंढपाळांच्या दगडी गोठ्यापर्यंत बरोबर आली. तिला तिथले वाळलेले शेण जळणासाठी गोळा करायचे होते. "वर जा, बघा, आणि लगेच खाली या," ती म्हणाली. "ऊन डोक्यावर यायच्या आत ओढा ओलांडायचा. मी शीळ घातली की उतरायचं. काही लिहीत बसायचं नाही."

मी चढलो. दहा पावले टाकायची, काठीवर वाकायचे, पुन्हा दहा पावले. छातीत ढोल वाजत होता, कपाळाच्या शिरा उडत होत्या, आणि तरी मनात एकच होते: अजून वर, अजून थोडे वर! पायाखालची माती संपून बर्फाचे पट्टे लागले. आणि मग चढ एकाएकी संपला, वारा तोंडावर आदळला, आणि पलीकडे डोंगरांच्या मागे डोंगर, त्यांच्या मागे पांढरे डोंगर, जिथवर नजर जाईल तिथवर, कुणाचेही कुंपण नाही, कुणाची पाटी नाही!

खिंडीच्या मधोमध दगडांचा एक मोठा ढीग होता आणि त्यावर दोऱ्यांना बांधलेल्या पताका फाटेस्तोवर फडफडत होत्या. जवळ गेलो तो काय, ढिगातल्या सपाट दगडांवर अक्षरे कोरलेली! एका दगडावर भगवान बुद्ध बसलेले होते, बोटाएवढ्या रेषांत, शांत. आमच्या गावात समाजमंदिरासमोर पौर्णिमेला मेणबत्त्या लावणारी माझी आई मला आठवली. ती कधी यवतमाळच्या पलीकडे गेली नाही. आणि इथे, जिथे श्वास मोजून घ्यावा लागतो, तिथे कुणीतरी दगड पाठीवर वाहून आणले होते आणि बसून अक्षर अन् अक्षर कोरले होते. अक्षरांवर पोट भरणाऱ्या मला त्यातले एकही वाचता येईना. मी बोटांनी ती चाचपली. हात जोडून त्या ढिगाला उजवी प्रदक्षिणा घातली. एकदा, दोनदा. मग पायरीसारख्या एका दगडावर बसलो आणि आनंदाने मला हसू येऊ लागले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि हे दोन्ही एकाच वेळी का होते आहे याचा मी शोध घेतला नाही. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. अम्माच्या शिळा वाऱ्याने दुसरीकडेच उडवून नेल्या असाव्यात.

खाली उतरलो तेव्हा अम्मा गोठ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी होती आणि सावल्या लांबू लागल्या होत्या.

"बुद्ध भेटले," मी म्हणालो.

"त्यांना विचारायचं होतंत ना आता ओढा कसा ओलांडायचा!" ती म्हणाली आणि झपाझप चालू लागली.

ओढा दिसण्याआधी ऐकू आला. सकाळी जिथे खळखळ होती तिथे आता गडगडाट होता. दिवसभराच्या उन्हाने वरचे बर्फ वितळले होते, आणि ते सगळे पाणी गढूळ होऊन, फेसाळत, दगडांना एकमेकांवर आपटत खाली धावत होते. सकाळी ज्या धोंड्यावर टेकून मी बूट घातले होते, तो दिसतच नव्हता. पाणी माझ्या कमरेच्याही वर आले असते. सकाळचा ओढा तो हाच, यावर विश्वास बसेना.

पलीकडच्या काठावर साहेब आणि मेहुणा उभे होते. साहेबांच्या हातात कागद होता. मी ओरडलो. त्यांना काहीच ऐकू गेले नाही. साहेबही काही बोलले, फक्त तोंड हलताना दिसले. आयुष्यभर मी इतरांची बाजू मांडत आलो, आणि ऐन वेळी माझ्या बाजूने एक शब्दही त्या काठाला पोहोचेना! मी सूर्याकडे बोट केले, मग पाण्याकडे, मग हात खाली-वर केला. साहेबांनी घाबरून दोन्ही हातांनी मला मागे हटण्याची खूण केली. त्यांना वाटले, मी उडी घेतो आहे.

"तो लिहितोय," अम्मा एकदम म्हणाली. तिचा आवाज इतका वेळ खणखणीत होता, तो बसला. "बंद लिहितोय. कायमचं."

त्या काठावर काय झाले ते मला नंतर मेहुण्याकडून कळले. साहेबांनी खरोखरच पेन काढले होते. "पाहिलंत ना? मुन्शीजींनी लिहिलं तेच खरं आहे. मी आत्ता बंद लिहून खेचरावर बसतो." तेव्हा मेहुणा त्यांना म्हणाला, "लिहा ना साहेब. पण ज्यानं अर्ज लिहिला तो माणूस पलीकडे अडकलाय. त्याला तसाच टाकून तुम्ही गेलात, तर माझ्या बहिणीला तुम्हीच फोन करा. मी नाही करणार. तिला तुम्ही ओळखत नाही." साहेबांनी पेन खिशात ठेवले आणि रात्री गावात राहायचे कबूल केले.

आम्ही ती रात्र मेंढपाळांच्या गोठ्यात शेणाच्या धगीपाशी, अम्माच्या पिशवीतला सातू खात काढली. धग सारता सारता ती म्हणाली, "सगळ्यांना माहीत आहे हे, मुन्शीजी. इथं दुपारी कुणी ओढ्यात उतरतं का? लिहिण्यासारखं काय त्यात, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही."

मी ताडकन उठून बसलो. "अम्मा, यापरतं लिहिण्यासारखं दुसरं काहीच नाही!"

पहाटे फटफटताच आम्ही ओढ्यावर आलो. पाणी पुन्हा घोट्यावर, नितळ, जणू काल काही घडलेच नव्हते. खडकांवर मात्र कालच्या पाण्याची ओली रेघ माझ्या छातीच्या उंचीला स्पष्ट होती. पलीकडे साहेब आणि मेहुणा आमच्याही आधी येऊन थांबले होते. मी धावतच ओढा ओलांडला. त्या दिवशी गारठा लागल्याचे मला आठवत नाही.

"जिवंत आहात!" साहेब म्हणाले आणि त्यांनी मला मिठी मारली. मग बाजूला होऊन चष्मा पुसू लागले. "पण मुन्शीजी, आता मी काय लिहू? काल सकाळी खुली लिहिणार होतो, दुपारी बंद लिहिणार होतो. नियमात दोनच गोष्टी आहेत."

"साहेब, आपण दिल्लीत राहिला आहात?"

"परीक्षेसाठी होतो, तीन वर्षं. का?"

"रिंगरोडवर दिवसा ट्रक सोडतात?"

"नाही. रात्रीच सोडतात."

"म्हणून रिंगरोड बंद आहे असं कुणी म्हणतं?"

साहेबांनी खडकावरची ओली रेघ पाहिली, पायाशी वाहणारे पाणी पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असे हसू पसरले की मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

"वेळ लिहायची!" ते म्हणाले.

"वेळ लिहा! सकाळी जाणं-येणं खुलं, दुपारनंतर मनाई. आणि दुपारी जो पलीकडे अडकेल त्याच्यासाठी पूल. एकाच कागदात दोन्ही बसतं, साहेब! धोका आहे, आणि वाटही आहे!"

"भाऊजी, श्वास घ्या," मेहुणा म्हणाला.

साहेब धोंड्यावर बसून लिहू लागले. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होतो. त्यांनी तीन ओळींत सगळे आटोपले. मी सुचवले की 'हिमशिखरांच्या विक्राळ छायेत' अशी सुरुवात केली तर कागदाला वजन येईल. अम्मा एवढा वेळ पलीकडच्या काठावरच थांबली होती, ती तिथून ओरडली, "मुन्शीजी, तुम्ही बाजूला व्हा! त्याला लिहू द्या!"

साहेबांनी पेन थांबवले. "सही करण्याआधी," ते जरा संकोचून म्हणाले, "मी स्वतः ओलांडून पाहिलं पाहिजे. नाहीतर वर विचारतील, तुम्ही पाहिलंत का? आणि मला," त्यांनी खिंडीकडे नजर टाकली, "तेही बघायचंय. काल दुपारभर तिकडे त्या पताका फडफडताना बघत होतो."

त्यांनी बूट काढले, मोजे नीट घडी करून बुटांत ठेवले, बूट गळ्यात अडकवले आणि कागद शर्टाच्या आत घातला. मी त्यांचा हात धरला. "दगडाकडे बघा, पाण्याकडे नाही," मी म्हणालो. हे मला कालच अम्माने सांगितले होते. पहिल्या पावलाला ते किंचाळले, दुसऱ्याला त्यांनी माझे बोट मोडायचेच बाकी ठेवले, मधल्या धोंड्याशी थबकले. मग त्यांनी एकदम माझा हात सोडला आणि उरलेली पावले धावत, पाणी उडवत, स्वतःच टाकली. पलीकडे अम्माने त्यांना दंडाला धरून वर ओढले. त्यांनी लाल झालेले पाय गवतावर आपटले, शर्टातला कागद काढला आणि अम्माच्या पाठीचे टेबल करून त्यावर सही केली.

"झाली?" अम्माने वाकल्या वाकल्या विचारले.

"झाली. वाट खुली."

ती सरळ झाली. तिने कागद हातात घेतला नाही. तिची नजर उन्हाकडे होती. "मग उभे काय राहिलात? खिंडीत जायचंय ना? चला, चालायला लागा. आणि साब, या मुन्शीच्या शेजारी वर अजिबात बसू नका!"

आम्ही चढायला लागलो. साहेब पुढे होते, आणि दहा पावलांवर वळून मला काहीतरी सांगू पाहत होते. पण त्यांच्या छातीत तेवढी हवा नव्हती. मी हात केला: नंतर, आधी वर!